काकूंचा श्वास

"बसा, दमला असाल," असं म्हणत काकू पायानेच खुर्ची पुढे सरकवायच्या. धाप लागलेली त्यांना, खुर्ची आपल्याला. आजाऱ्याला भेटायला गेलेल्या माणसाची अशी फजिती तुम्ही सगळ्या कोथरूडात दुसरीकडे पाहिली नसेल.

काकू आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. पोटाचा कर्करोग झाला, तो त्यांनी न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा वागवला. पण पुढे दोन पायऱ्या चढल्या तरी श्वास पुरेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कर्करोगाच्या पेशी फुफ्फुसातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्यात, त्यांना आतून सूज आलीय. असं क्वचितच होतं. मी चेहरा पाडून बसलो, तर काकूच माझी समजूत घालू लागल्या.

"अहो सेक्रेटरी, लक्ष्मी रस्ता मोकळा आहे. शनिवार पेठेतल्या बोळांत तेवढ्या दुतर्फा स्कूटरी लावल्यात."

"मग उपाय काय?"

"केमो, आणि सूज उतरवायच्या गोळ्या. बोळातून एक सायकल गेली तरी मला गणपतीपर्यंत पुरे."

गणपतीच का, ते सांगतो. आरतीत एक ओळ येते, तिचा सूर सगळे ताणून धरतात. ज्याचा श्वास शेवटी संपेल तो मनातल्या मनात जिंकतो. आमच्याकडे दरवर्षी काकू जिंकायच्या. मी दुसरा.

त्या वर्षी त्या नाकात ऑक्सिजनची नळी लावून खाली आल्या. आरतीच्या ज्योतींपासून लांब, पार फाटकाजवळ त्यांची खुर्ची मांडली. इकडे आम्ही शहाण्यांनी गुपचूप ठरवलेलं, की सूर लगेच सोडायचा आणि काकूंना जिंकू द्यायचं. ओळ आली. अख्खी सोसायटी एकदम गप्प. काकूंचा बारीक सूर तेवढा उरला, मग तोही थांबला.

"सेक्रेटरी, दया दाखवायची तर मोदक जास्त द्या. ओळ परत म्हणा."

परत म्हटली. या वेळी मी जीव खाऊन सूर धरला. काकूंचा लवकर तुटला. मी थांबलो, तर त्या धापा टाकत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"हरले. खरीखुरी हरले," त्या म्हणाल्या. "पण आवाज भसाडा आहे हो तुमचा."

दिवाळीनंतर काकू गेल्या.

पुढच्या गणपतीत ती ओळ आली आणि सूर कुणीच आधी सोडेना. चेहरे लालबुंद झाले. तबकातला कापूर विझला. गुरुजी घंटा तशीच धरून आमच्याकडे बघत राहिले. आम्ही आपले एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच हसतोय, आणि थांबत नाही.