महाजनकाकांची विलायतेतली केळ

महाजनकाका लिफ्टमध्ये भेटले की ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नसत. ‘आज मायनस दोन, भो!’ म्हणत. सिंगापूरमधल्या हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये सकाळी आठलाच घामाच्या धारा लागलेल्या असत. अकराव्या मजल्यावरची चिनी आंटी काळजीने विचारायची, ‘अंकल, यू सिक आह?’ काका खुशीत मान हलवायचे, ‘नो सिक. बनाना कोल्ड.’

ते तापमान होतं इंग्लंडमधल्या एका गावाचं. तिथे त्यांची मुलगी वर्षा राहते. काका रावेरचे, जन्मभर केळीच्या बागेत राबलेले. काकू गेल्यावर शेत विकून ते मुलाकडे सिंगापूरला आले. विकताना आपल्याला एका शब्दाने विचारलं नाही, याचा वर्षाला फार राग होता. दोन वर्षं बापलेकीचं बोलणं ‘जेवलात का?’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर आलं होतं. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर तिने आपणहून विचारलं, ‘बाबा, नर्सरीतून थंडी सोसणारी केळ आणलीय. बाहेर, जमिनीतच जगवायची कशी?’ काका तसेच माझ्या दारात आले, फोन पुढे करून. ‘यात तिच्या गावची थंडी दिसंल असं कायतरी कर.’ मी चांगी बिझनेस पार्कात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण काकांच्या लेखी मी तेव्हापासून हवामान खात्याचा माणूस.

त्या जातीला खाण्याजोगं केळं धरत नाही हे कळल्यावर ते थक्क झाले. ‘मंग ती केळ करते काय दिवसभर?’ तिकडचे लोक आधी पानं छाटतात, खोडाभोवती जाळी उभी करून पेंढा भरतात आणि वरून पाऊस लागू नये म्हणून झाकण घालतात, असं मी वाचून दाखवलं. काका उसळले. ‘हिरवं पान कापायचं? लग्नाच्या पंगती उठवायच्यात का?’ त्यांचा भरवसा रावेरच्या उपायावर. कडाक्याच्या थंडीत पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवायचा आणि बागेत धूर कोंडायचा.

वर्षाने ऐकलं आणि परसात तसा धूर केला. त्या शनिवारी आमच्याकडे दुपार होती, तिच्याकडे पहाट. फोन आला तो किंचाळतच. ‘बाबा, शेजाऱ्यांनी फोन केला, दारात आगीचा बंब आलाय!’ काका उठून उभे राहिले. ‘पानी मारू देऊ नको! खोड भिजंल!’ पलीकडे वर्षा हसायला लागली. ती थांबेचना. काकाही हसले. त्या हसण्यानंतर काकांनी मुकाट्याने पानं छाटायला परवानगी दिली.

तेव्हापासून रोज फोन. पेंढा दाबून भरलास का, झाकण उडालं नाही ना. केळीवरून गाडी तिच्या नोकरीवर जायची, काकूंच्या भरताच्या वांग्यांवर जायची. मधेच काका बजावायचे, ‘वरून काय दिसतं त्यावर जाऊ नको. खोडाचं पोट पांढरं आहे तोवर केळ जिवंत.’

एप्रिलमध्ये तिने जाळी काढली. काका आमच्या ब्लॉकखालच्या सामुदायिक बागेत, स्वतः लावलेल्या केळींमध्ये बसले होते. व्हिडिओ कॉल लावून फोन मी धरला होता. पेंढ्यातून निघालं ते काळं, लिबलिबीत खोड. वर्षाचा आवाज बसला. ‘गेली, बाबा. शेत गेलं, आई गेली, आता हीसुद्धा.’

काका फोनजवळ सरकले. मग म्हणाले, ‘सुरी आण. वरून एकेक चकती काप.’

तिने कापलं. तपकिरी लगदा. गुडघ्यापर्यंत आली, लगदाच. माझा हात अवघडला होता, पण फोन हलवायची माझी हिंमत नव्हती. ‘अजून खाली,’ काका म्हणत होते, ‘अजून.’ घोट्याशी आली आणि थांबली. ‘बाबा... पांढरं आहे. पाणी सुटलंय.’

काकांनी डोळे पुसले, उघडपणे, पंच्याने. ‘मला तुला विचारायला पायजे होतं, वर्षा. शेताचं. चुकलंच माझं.’

तिने सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाली, ‘कोंब आला की बघायला या.’

कोंब मे महिन्यात आला आणि काका जूनमध्ये तिच्याकडे गेले. जाताना इथल्या केळी माझ्या गळ्यात टाकून गेले. विमानतळावरही सांगत होते की बुंध्याशी फुटणारी पिल्लं वेळेवर काढ, दया दाखवू नको. महिन्याभराने परत येणार होते. लेकीने सोडलं नाही आणि तेही परत यायचं म्हणून हटून बसले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

परवा जानेवारीत त्यांचा फोटो आला. जाळीत पेंढा भरलेली केळ, शेजारी कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटरांत भरलेले काका. खाली लिहिलं होतं, ‘मायनस चार. दोघंही ठीक. मला वर्षाने गुंडाळलं.’

लिफ्टमध्ये आंटी भेटली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मायनस फोर, आंटी.’

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘अंकल ओके आह?’

‘ओके,’ मी म्हटलं. ‘बनाना ऑल्सो.’