दुरुस्तीवरचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत, कॉलेजच्या एका सरांच्या घरी दर रविवारी आमची बैठक असायची. दहा-बारा जण. विषय टायपिंगचं एक सॉफ्टवेअर, फुकटचं, सगळ्यांचं. जगभरची माणसं मिळून लिहायची. चूक दिसली की कोणीही सांगावी, जमलं तर दुरुस्ती पाठवावी. मी गुढियारी मोहल्ल्याचा, रेल्वेतल्या फिटरचा पोरगा. राज्य नवं, राजधानी नवी, पण आमच्या पाऱ्यात लाइट दिवसातून चारदा जायची आणि टाइप केलेलं सगळं उडायचं. तेवढंच मी मोडक्या इंग्रजीत मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, लिहिलं.

उत्तर आलं. सरांनी ते प्रोजेक्टरने भिंतीवर मोठं करून सगळ्यांना वाचून दाखवलं. आधी इंग्रजी शिका. मग यूपीएस विकत घ्या. लाइट जाणं हा सॉफ्टवेअरचा दोष नाही.

"यूपीएस ले लो भैया, फिर क्रांति करना," सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.

तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही. इंग्रजी शिकलो. तो सूरही शिकलो. दहा वर्षांनी कोणाची दुरुस्ती घ्यायची, कोणाची परतवायची, हे माझ्या हाती आलं.

मग लिस्टवर धमतरीहून कुमारी साहू यांचं पत्र आलं. तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या बाई. पत्र हिंदीत. सोबत दुरुस्ती: मजकूर दर चाळीस सेकंदांनी आपोआप साठवायचा. "सर, फॉर्म की एक लाइन भरने में मुझे इतना ही समय लगता है। बिजली गई तो एक ही लाइन जाएगी।"

मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं. इंग्रजीत. आधी नियम वाचा. इथे हिंदी चालत नाही. यूपीएस विकत घ्या.

खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. बाईंनी पुन्हा कधी लिहिलं नाही.

वर्षभराने तीच तक्रार एका परदेशी माणसाने केली. आता ती सगळ्यांना खरी वाटली. मी बाईंची दुरुस्ती शोधून काढली, दोन जागी हात फिरवला आणि माझ्या नावाने चढवली. शाबासकी मिळाली.

मागच्या हिवाळ्यात नव्या रायपुरात याच कामासाठी माझा सत्कार होता. सर आता म्हातारे झालेत. माइकवर म्हणाले, "यहाँ न जात, न भाषा। यहाँ सिर्फ़ काम बोलता है।" मग मागच्या रांगेतून एका पोट्टीनं विचारलं, "सर, चालीस सेकंड ही क्यों?"

उत्तर मला पाठ होतं. पण ते बाईंचं होतं. मी जन्मात कोणाचा अर्ज टाइप केला नव्हता.

"ये मैंने नहीं लिखा," मी म्हणालो.

सर कानाशी आले. "काय मजाक करून राहिला बे. बस खाली."

"मजाक नाही करून राहिलो, सर."

शाल खुर्चीवर ठेवली आणि निघून आलो.

पण तिथेही अर्धंच बोललो. बाईंचं नाव घेतलं नाही. त्यांना काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं नाही. थकलो आहे मी हे लपवून.

आता हे सगळं त्याच लिस्टवर लिहायला बसलो आहे. हिंदीत. नियम माहीत असून. हसायचं त्यांनी हसावं. या वेळी मी हसणार नाही. बाई वाचतील की नाही, ठाऊक नाही.

त्या दुरुस्तीवर कुमारी साहू हे नाव लावणं माझ्याकडे बाकी आहे. आणि जिथे सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला, तिथेच, सगळ्यांसमोर, माफी मागणं.