व्हरांड्यातून ऐकलेला वर्ग

हे लिहायचं मी निवृत्त झाल्यापासून टाळत आलो. आता टाळणार नाही. गणिताच्या एका बाईंबद्दल मी एक खोटं वाक्य बोललो आणि ते आजही खरं म्हणून चालतं. ते पुसायचं तर मीच पुसायला हवं.

मी नाशिक रोडला एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापकाने मागच्या बाकावर बसून शिक्षकाचा तास पाहायचा आणि मग त्याच्याशी बोलायचं, अशी रीत. मी बसत नसे. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा तांदूळ, संस्थेच्या अध्यक्षांचे फोन, अशी कारणं सांगायचो. तीही खोटी नव्हती. पण मी इतिहासाचा माणूस. नववीची भूमिती मला धड येत नव्हती आणि मुलांसमोर ते उघडं पडेल याची धास्ती होती. म्हणून व्हरांड्यातून चालत वर्ग जोखायचो. आवाज नाही म्हणजे शिकवणं चांगलं. शेरेही तेवढ्यावरच लिहायचो.

बाईंच्या नववीच्या वर्गात कायम गलका. एकदा वर्गात येऊन बसा, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा हसून वर म्हणाल्या, "घाबरू नका सर, तुम्हाला प्रश्न नाही विचारणार."

त्यांनी ओळखलं होतं. मला ते झोंबलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी नववीच्या गोंगाटाबद्दल विचारलं, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, "बाईंना वर्ग आवरत नाही." दिवाळीनंतर नववी त्यांच्याकडून काढली, पाचवी दिली. जूनमध्ये संस्थेच्या इगतपुरीच्या शाळेत त्यांची बदली झाली. माझं वाक्य त्यांच्या आधी तिथे पोचलं होतं.

पण त्या बदलीच्या आधीच मला सगळं कळलं होतं. नववीचे नवे सर एक दिवस रजेवर होते, त्यांचा तास माझ्यावर आला. एका मुलाला फळ्यावर प्रमेय लिहायला लावलं. त्याने सुबक लिहिलं. ही ओळ इथे कशी आली, असं मी विचारलं; मला खरोखरच कळलं नव्हतं. त्याने तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. मग एक मुलगी उठली.

"सर, आधीच्या बाई आम्हाला भांडायला लावायच्या. कोन सारखे कशावरून, म्हणून. आता नुसतं उतरवून घेतो."

त्याच दिवशी वेळापत्रक फिरवता आलं असतं. पण अध्यक्षांना काय सांगणार? वेळापत्रक तसंच राहू दिलं.

निवृत्तीनंतर माफी मागायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. त्यांची सून नुकतीच शिक्षिका झाली होती. तिचं कौतुक करताना बाई सहज म्हणाल्या, "ती माझ्यासारखी नाही हो सर. तिला वर्ग छान आवरतो."

त्यांनाही ते पटलं होतं. मी चहा छान झाला म्हणालो आणि उठलो. गेल्या वर्षी बाई वारल्या.

नवे मुख्याध्यापक भेटले की मी सांगतो, विषय येत नसेल तर विद्यार्थी म्हणून बसा, पण बसा. ते माना डोलावतात. त्याने बाईंचं नुकसान भरून निघत नाही. म्हणून त्यांच्या घरी बोलायचं राहिलेलं इथे लिहितो.

बाई, मी तुमच्या वर्गात एकदाही बसलो नव्हतो. तुम्हाला वर्ग आवरत नाही हे मी रागाने बोललो, ते खोटं होतं. मुलं तुमच्याकडे शिकत होती. मला माफ करा.