भावाच्या नावाची बाग

माझा धाकटा भाऊ पोलिसात हवालदार होता. गोदावरीकाठच्या एका ठाण्यात त्याची नेमणूक होती. नदीतून चोरून वाळू भरून निघालेल्या टिप्परसमोर तो भर दुपारी हात वर करून उभा राहिला, आणि टिप्पर थांबला नाही. ड्रायव्हर पकडला गेला. खरा मालक कोण, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण टिप्पर कागदोपत्री भलत्याच्याच नावावर निघाला आणि मालकाचं नाव कुणाच्याही जबाबात आलं नाही.

पुढे नगरपालिकेनं आमच्या गावात पाण्याच्या टाकीशेजारी बाग बांधली आणि तिला भावाचं नाव दिलं. मी लातूरला शाळेत शिकवते. भावजयीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाला मी सकाळच्या एसटीनं गेले. मंडप घातलेला, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी. आम्हा दोघींना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. एकेक पाहुणा स्टेजवर जात होता. शेवटी निवेदकानं ‘या उद्यानासाठी उदार हस्ते साहित्य देणारे’ म्हणून ज्याला बोलावलं, तो तोच मालक होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला टिळा. त्यानं भावाच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि फोटोवाल्यासाठी तसाच थांबून राहिला.

भावजय माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “अक्का, ह्या बागंतली वाळू कुठली आसंल?”

मग शाल-नारळ घेऊन तो खाली आमच्यापाशी आला. भावजयीनं हात पदराखालून काढलेच नाहीत.

“घ्या वहिनी.”

“तुमच्या हातानं न्हाई घेणार.”

तो हसला. नारळ तिच्या पायाशी ठेवला आणि परत स्टेजवर जाऊन माइकवर म्हणाला, “ताई दुःखात हायत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मला लहानपणी शिकवलेले एक गुरुजीही होते. त्याचा हार एक वेळ मी विसरेन, त्या टाळ्या नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत गेले तेव्हा भावजय म्हणाली, “चला, दाखवते तुम्हाला.” बागेतलं गवत जळून गेलं होतं. झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबत होत्या. बाकाखाली बाटल्या, पार्टीच्या पत्रावळी, त्यांवर कुत्री. फाटकाशेजारच्या भिंतीवर भावाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. नावाच्या बरोबर खाली एक चांगल्या कपड्यांतला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी म्हटलं, “अहो, शहिदाचं नाव आहे तिथं.”

त्यानं मान वळवली नाही. “नाव वरी हाय की बाई. मी खाली करून राहिलो.”

त्यानं सावकाश उरकलं, हात शर्टाला पुसले आणि गाडी सुरू करून गेला. मला त्याच्यापेक्षा माझीच किळस आली, कारण मी नाक धरून बाजूला सरकले होते. भावजय जागची हलली नव्हती. ती म्हणाली, “मी घागर घिऊन येत होते धुवायला. धुतलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.”

तिथूनच आम्ही नगरपालिकेत गेलो. साहेबांनी चहा मागवला. भावजय म्हणाली, “साफ ठिवा, न्हाईतर नाव काढा.”

“साफसफाईला माणसं न्हाईत, ताई. आन नाव ठराव करून दिलंय, काढता येत न्हाई. लोकांच्या भावना असतात.”

तिनं चहाला हात लावला नाही. बाहेर पडल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला. टाकीसमोरच्या चहावाल्याकडून स्टूल मागून आणलं आणि भर बाजाराच्या वेळी त्यावर चढून एकेक अक्षर बुजवायला लागली. मी स्टूल धरून उभी. बघे जमले, मोबाइल वर झाले. पिचकाऱ्या मारणाऱ्यांना कधी न हटकलेल्या गावातून आता आवाज आले, “बाई, हे बरं न्हाई.”

ठाण्यातला एक हवालदार आला. भावाबरोबरच भरती झालेला, लग्नात आमच्या पंगतीला वाढलेला.

“वहिनी, हे सरकारी नुकसान हाय. खाली उतरा.”

“भिंत सरकारची हाय, भाऊजी. नाव आमचं हाय. आमचं आम्ही घिऊन चाललो.”

तो गर्दीकडे तोंड करून उभा राहिला, ती उतरेपर्यंत.

गुन्हा काही नोंदवला नाही. नोंदवला असता तर पेपरात आलं असतं. थोड्याच दिवसांत त्या काळ्या पट्ट्यावर मालकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, हात जोडलेल्या फोटोसकट. भावजयीनं फोनवर सांगितलं आणि म्हणाली, “हे बरं झालं. आता कुणी खाली उभं राहिलं तरी मला काय न्हाई.”

मी सुट्टीत अजून जाते. स्टँडवरून घरी जायचा जवळचा रस्ता बागेवरून आहे. मी ऑटोवाल्याला मागच्या गल्लीतून न्यायला सांगते. मागच्या खेपेला त्यानं विचारलं, “बागंकडून जवळ पडतंय की?”

“वास येतो,” मी म्हटलं.