बापूंच्या बोकडाचे जंत

“आमच्या बोकडाला हात लावू नगा डॉक्टर. लताच्या शेळ्यांच्या लेंड्या न्या, समदं कळंल,” बापू बाजेवरनं न उठताच म्हणाले.

शेळगावच्या पलीकडच्या त्या वस्तीवर शेळ्या मरत होत्या. पापणीच्या आतला भाग पांढराफटक, गळ्याखाली सूज. म्हणजे पोटात बसून रक्त पिणारे जंत. रोग जुनाच, पण जंताच्या गोळीला तो आता दाद देत नव्हता. गुन्हेगार मात्र ठरून गेला होता. लतानं सांगोल्याच्या बाजारातनं पाच शेळ्या आणल्या होत्या, म्हणजे जंत तिनंच आणले. तिच्या शेळ्यांना कॅनॉलच्या काठावर चरायला बंदी. चारा विकत घेणं तिला झेपणार नव्हतं. “पुढच्या बाजारापत्तूर बंदी उठली न्हाय तर इकते,” एवढंच ती म्हणाली.

मी जनावरांचा डॉक्टर, हल्ली बारामतीत लॅबमध्ये बसतो. पाटीवर ‘परजीवीतज्ज्ञ’ आहे. घरी बायको ‘लेंडीवाले’ म्हणते. एकदा श्रीखंडाच्या डब्यात सॅम्पल घालून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, तेव्हापासून.

शेळ्या कोंडायच्या सगळ्यांच्या वाडग्यांतनं सॅम्पल घेतली. बापूंचा बोकड शेवटी. “फोटो काढू का त्याचा?” म्हटल्यावर बापू स्वतःच त्याला धुऊन घेऊन आले. तेवढ्यात मी लेंड्या उचलल्या.

मग सिक्वेन्सिंग. म्हणजे जंताच्या डीएनएतली अक्षरं ओळीनं वाचायची. नात्यातल्या जंतांची अक्षरं जुळतात. एका ठराविक जागी अक्षर बदललेलं असलं, की त्या जंतावर गोळी चालत नाही. आणि जंत जिथं मूळचे, तिथं त्यांचे प्रकार जास्त. जिथं नंतर पोचले, तिथं त्यातलेच दोन-चार. आपल्या भावकीसारखंच.

रिपोर्ट आला. लताच्या जंतांचं कुणाशीच नातं नव्हतं, आणि ते गोळीनं मरणारे होते. बाकी वस्तीचे जंत एकाच कुळीचे, गोळी पचवणारे. त्या कुळीचे झाडून सगळे प्रकार एकाच ठिकाणी होते. बापूंच्या वाडग्यात.

कोडं नव्हतंच. वस्तीवरची प्रत्येक शेळी फळवायला बापूंच्या बोकडाकडं जाते. दोन दिवस त्याच्याच ओल्या गवतात चरते. येताना गाभण असते, आणि जंतही घेऊन येते. लताच्या नव्या शेळ्या तेवढ्या अजून गेल्या नव्हत्या.

“बापू, गोळी किती देता?”

“एक गोळी गुळात कुटायची आन् समद्यांना चिमूट चिमूट. परसादावानी. कुणी ऱ्हायला नको.”

अपुऱ्या औषधानं लेचेपेचे जंत मरतात, चिवट उरतात आणि पोरंबाळं त्यांचीच वाढतात.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“तुमीच की! कॅम्पला आला हुता. न देन्यापरीस थोडी तरी द्या, म्हनला हुता.”

म्हणालो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला. बापूंना वाईट वाटू नये म्हणून हळू वाचला.

“म्हंजी समद्या वस्तीत आमच्याच वाडग्यातलं जंत?” बापूंनी विचारलं.

“हो.”

“आन् गोळीला मरत न्हायती?”

“नाही.”

बापूंनी मिशीवरनं हात फिरवला. “बोकडच तसा हाय.”

वस्तीनं माना डोलावल्या. मग सगळ्यांनी लताकडं कीव आल्यासारखं बघितलं. एका गोळीत मरणारे जंत, ते कुणाचं काय वाकडं करणार? बंदी तिथल्या तिथं उठली. लताचा दोष नाही, या मी घसा खरवडून केलेल्या खुलाशानं नव्हे.

लता जाता जाता म्हणाली, “बरं झालं डॉक्टर, माजं जंत बी गरीबच निगालं.”

बाजाराच्या दिवशी तिच्या शेळ्या कॅनॉलच्या काठावर होत्या. बाकीच्या शेळ्यांना आम्ही दुसरं औषध सुरू केलं, काट्यावर वजन करून, पुरं. फाट्यावर बोकडाच्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली ‘डीएनए टेस्टेड’. फोटो मीच काढलेला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत वस्तीनं माझं एकच वाक्य तंतोतंत पाळलं. नेमकं तेच चुकीचं होतं.