लेकीच्या वतीने

माझ्या लेकीचं बोलणं मला पहिल्यापासून कळायचं, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! ती 'ताता' म्हणाली की काका, 'दादी' म्हणाली की गाडी. बाकी कुणाला ओ की ठो कळायचं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी ऐटीत अर्थ सांगायची. श्रीवर्धनला पर्यटकांसाठी आमच्या चार खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. पाहुणे जेवायला बसले की तिला मध्ये उभं करून 'बोल ना गं, बोल' म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. मीही हसायची. खोटं कशाला बोलू, तिला हाक मारून मीच आणायची.

थंडी सुरू झाली की तिचा कान दुखायचा, कधी वाहायचाही. मी लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल सोडायची. ती चार वर्षांची असताना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला नीट ऐकू येतंय का, मुंबईला नेऊन तपासा." मी अशी भडकले! माझ्या पोरीला बहिरी म्हणते? मागून हाक मारली तरी वळते, टीव्हीवरच्या गाण्यावर नाचते! सासूबाई म्हणाल्या, "बोलंल गो, घाई काय हाय? तिचा बापूस पन उशिराच बोलला." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. मे महिना संपला की जाऊ म्हटलं. मग गणपती आले, मग दिवाळीची गर्दी.

नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेसुद्धा शाळेतून चिठ्ठी आली म्हणून. हजेरीला ती 'हजर' म्हणायचीच नाही, नुसता हात वर करायची. वाचायला उभं केलं की रडायची.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागे वरचेवर पाणी साठत आलंय. मोठी हाक कळते, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, आणि ते नेमके बोलायला शिकायच्या वयात निसटले. "माझ्या तेलानं झालं का हो?" मी विचारलं. ते म्हणाले, एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, कान असे असूनही काही मुलं चांगली बोलतात. "पण लवकर आणलं असतंत तर काम सोपं झालं असतं." येताना एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले.

उपचारांनी कान बरे झाले, पण तसंच तोडकंमोडकं बोलायची सवय पक्की झाली होती. बोलणं शिकवणाऱ्या बाई पनवेलला, जायलाच चार तास. आम्ही सहा वेळा गेलो आणि मग सीझन आला. त्या बाईंनी मला एकच काम दिलं होतं. तिच्या वतीने बोलू नका, तिला वेळ द्या. मला मेलीला तेवढंच जमलं नाही. ती अडखळली की तिचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडायचं. दुकानात मी, बँकेत मी, कॉलेजच्या प्रवेशालाही मीच.

आता ती तेवीसची आहे. खोल्यांचं बुकिंग मेसेजवर तीच बघते, कधी एक चूक नाही. फोन वाजला की मात्र माझ्या हातात देते. लग्नाचा विषय निघाला की उठून आत जाते.

मागच्या महिन्यात न्हावा शेवाच्या एका मालवाहतूक कंपनीची तिची मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर. ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. आठ दिवस आरशासमोर उत्तरं म्हणत होती. "आई, तू खाली जा," तिने बजावलं. मी गेले कुठली! दाराआड उभी राहिले. साहेबांनी विचारलं, हेच काम का करायचंय? ती बोलली. त्यांना कळलं नाही, नेट खराब आहे म्हणाले. ती पुन्हा बोलायला लागली आणि मध्येच थांबली. जळलं माझं तोंड! मी दाराआडूनच मोठ्यांदा सांगितलं, "तिला बंदरातलं काम शिकायचंय, साहेब!"

"मागे कोण आहे?" त्यांनी विचारलं. दोन मिनिटांत आभार मानून त्यांनी कॉल बंद केला.

ती म्हणाली, "मी अडकले नव्हते गं. शब्द नीट जुळवत होते."

आणि मी काय करावं? तिच्यावरच ओरडले. "मी नसते तर तुझं बोलणं कोण समजून घेणार होतं?" इतकं वाईट मी तिला आजवर कधी बोलले नव्हते. ती दोन दिवस जेवायला माझ्यासमोर बसली नाही.

काल पनवेलला दुसऱ्या कंपनीत मुलाखत होती. ती एकटीच गेली. मेसेज येईल म्हणून मी मोबाईल हातात धरून बसले होते, तर दुपारी चक्क फोन वाजला. स्टँडवरचा गोंगाट, गाड्यांचे हॉर्न, आणि त्यात तिचा आवाज. मला एक अक्षर कळलं नाही. मला! सवयीने 'हो हो, कळलं' तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "बाय, नाही कळलं मला. परत सांग."

 ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नाही घेतलं त्यांनी, आई."

तेवीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा परत बोलायला लावलं, तेही हे सांगायला.