बर्फाखाली गेलेलं डिझेल

इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगचा जनरेटर दुरुस्त करायला वसईचा एक मेकॅनिक आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाइप सोडवण्याआधी त्याने खाली ट्रे सरकवला आणि डिझेलचा एकेक थेंब फडक्याने टिपत राहिला.

वॉचमन वैतागून घाई करू लागला. "यल्ला भाई, नीचे रेती ही तो है!"

मेकॅनिक हसून मला मराठीत म्हणाला, "साहेब, मी अंटार्क्टिकाच्या स्टेशनवर जनरेटर सांभाळायचो. एकदा माझ्या हातून डिझेल मातीत सांडलं. बर्फ पडत होता, तासाभरात सगळं झाकलं गेलं असतं."

"मग?"

"मीच स्टेशनच्या लीडरला सांगितलं. तिथल्या थंडीत मातीतलं तेल वर्षानुवर्षं जात नाही. आठ दिवस ती गोठलेली माती खणली, ड्रममध्ये भरली, जहाजाने परत पाठवली."

"पुन्हा नेलं नसेल तुम्हाला."

"नेलं ना! लीडरच म्हणाला, चूक सांगणारा माणूस पाहिजे."

मी इथे एका लॅबमध्ये मातीचे नमुने तपासतो. त्याच आठवड्यात ट्रकच्या एका यार्डातला तेलकट नमुना मी रिपोर्टमधून वगळला होता. दुसऱ्या दिवशी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. वगळलेल्या नमुन्याचं सगळं सांगितलं.